तुटीचा रकाना

डॉक्टर टेकाळेंनी बाटली आणली दोन्ही हातांनी,
बाळंतिणीच्या खोलीतून तान्हं आणावं तशी.
परभणी, वसमत रोड. गच्चीवरचा पत्रा
अजून दिवसभराचं ऊन ओकत होता.
ॲबर्डीनच्या लेकीनं पाठवलेली,
चाळीस वर्षं एकाच पिंपात निजलेली.
चिठ्ठीवर गाळल्याचं साल: एकोणीसशे बहात्तर.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
बहात्तरच.

हबीबभाई पीत नाहीत. अत्तरवाले.
नुसता वास घेणार, हे आधीच ठरलेलं.
"नाकाचे डॉक्टर तुम्ही," म्हणाले, "पण नाक माझं."
पेला तळव्यात धरून बराच वेळ गप्प बसले.
"घाई नका करू बगा. आधी हे दारातलं बोलतंय,
घरातलं नंतर बोलंल."
मग डोळे मिटून, एकेक शब्द ठेवत:
"आब्बांची सागवानी पेटी. खालचा कप्पा.
मोसंबीची साल, उन्हात इसरलेली.
आन् लांबून धूर.
लाकडाचा न्हाई. मातीचा."

डॉक्टर उडालेच. तिकडं माती जाळतात खरी,
दलदलीतली, कापून वाळवलेली,
तिच्या धुरावर जव सुकवतात.

मी घोट घेतला.
आधी काहीच नाही.
मग काकवी, कढईच्या काठाला करपलेली,
मग मीठ, मग दवाखान्यातलं टिंक्चर,
आणि घशाखाली उतरल्यावर, केव्हातरी, बहात्तर.

नऊ वर्षांचा होतो. जिंतूरच्या रस्त्यावर
आई खडी फोडायची, मी ढीग लावायचो.
दुपारी सुकडी. ओंजळीतली ओली भुकटी
चाटून झाली की हाताच्या रेषा चाटायच्या.
त्याच साली तिकडं कुणीतरी
पोतीच्या पोती धान्य मुद्दाम भिजत घातलं,
मोड येऊ दिले,
आणि पिंप लावून निघून गेलं.
राग यायला हवा होता.
पण घोट गोड होता, काय करू.

"अर्धंच उरलं असेल पिंपात," डॉक्टर म्हणाले,
"बाकीचं लाकडातून उडून जातं.
त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात."

मी हसलो, ते दोघांनाही कळलं नाही.
एकतीस वर्षं येलदरी धरणावर
मी वाफ मोजली.
पांढरं पत्र्याचं घमेलं, वर जाळी कावळ्यांसाठी,
सकाळी साडेआठला आकड्याच्या टोकाशी डोळा.
मे महिन्यात बारा मिलिमीटर, कधी चौदा.
गावंच्या गावं पितील एवढं पाणी
मी रोज निळ्या शाईनं आभाळाच्या नावे लिहिलं.
आमच्या रकान्याला नाव होतं: तूट.
साहेब खडसावून विचारायचे, एवढी तूट कशी?
देवदूत म्हणायचं मला सुचलं नाही.
सुचलं असतं तर
मेमो मिळाला असता.

हबीबभाई म्हणाले, "एक थेंब पाणी टाका. हे खुलंल."
डॉक्टरांनी स्टीलचा चमचा माझ्या हाती दिला.
नळ आठव्या दिवशी आलेला, माठात गार झालेला,
येलदरीचाच तो थेंब,
एकतीस वर्षांत माझ्या हातून न उडालेला.
पेल्यात तेलासारखी एक रेघ हलली,
आणि वर आलं काहीतरी ओलं, हिरवं,
ज्याचं नाव हबीबभाईंनाही सांगता आलं नाही.
आम्ही तिघंही थोडा वेळ
एकाच पेल्यावर वाकून होतो.

सकाळी डॉक्टरांचा फोन:
पेले अजून धुतले नाहीत, हबीबभाई येऊन बसलेत,
रिकाम्या पेल्याला नाक लावून.
तळाशी काय राहिलंय विचारतो.
म्हणालो, डाग आहे का?
डाग आहे.
मग राहू द्या. साडेआठला बघून सांगतो.